पोथ्यांच्या संगणकीय याद्यांतील अक्षरगाळणी

हस्तलिखितांच्या संग्रहांच्या ज्या याद्या पूर्वीं वह्यांत आणि पुठ्ठ्याच्या पत्रकांवर असत, त्यांपैकीं पुष्कळ आतां संगणकावर आल्या आहेत. २००३ सालीं केंद्र सरकारनें हस्तलिखितांच्या नोंदणीसाठीं राष्ट्रीय मोहीम आरंभिली, तिनें ह्या कामास मोठी चालना दिली. अशा यादीच्या शिरोभागीं एक चौकट असते. तींत एकेक अक्षर टंकित करीत जावें, तसतशी खालची यादी आकसत जाते; जुळत नाहींत त्या नोंदी दिसेनाशा होतात आणि जुळतात तेवढ्या उरतात. ह्या क्रियेस प्रस्तुत लेखांत ‘अक्षरगाळणी’ असें म्हटलें आहे. ही सोय केवढी मोठी आहे, हें ज्यांनीं ऑफ्रेक्टच्या ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम्’चे तिन्ही भाग उलथेपालथे केले आहेत त्यांस सांगावयास नको. परंतु सोयीच्या पाठोपाठ एक धोकाहि आला आहे, आणि त्याची चर्चा अजून संशोधकांत व्हावी तशी झालेली नाहीं.

धोका असा. गाळणीस जुळणारी नोंद मिळाली नाहीं म्हणजे ती रिकामा पडदा दाखविते. पाहणारा त्याचा अर्थ ‘ह्या संग्रहांत प्रति नाहीं’ असा करितो. वास्तविक त्याचा अर्थ ‘टंकित केलेल्या अक्षरांशीं अक्षरशः जुळणारी नोंद नाहीं’ एवढाच असतो. ह्या दोन अर्थांत जें अंतर आहे त्यांत पोथ्या हरवतात. आणि त्या वाळवीनें किंवा पुरानें हरवलेल्या नसून कपाटांत जागच्या जागीं असतात.

एक उदाहरण घेऊं. ‘रुक्मिणीस्वयंवर’ ह्या नांवाचें काव्य महानुभाव नरेंद्रानें रचिलें, एकनाथांनीं रचिलें, आणि त्यांच्या मागून इतरांनींहि रचिलें. आतां असें समजूं कीं एका संग्रहांत ह्या नांवाच्या सहा पोथ्या आहेत व सूचीकारानें प्रत्येकीच्या समाप्तीच्या ओळींतून नांव जसेंच्या तसें उतरून घेतलें आहे. एकींत तें ‘रुक्मिणीस्वयंवर’ असेल, दुसरींत ‘रुक्मीणीस्वयंवर’, तिसरींत ‘रूक्मिणीस्वयंवर’, चौथींत ‘रुखमिणीस्वयंबर’, पांचवींत ‘श्रीरुक्मिणीस्वयंवर’, आणि सहावींत मध्यें जागा सोडून ‘रुक्मिणी स्वयंवर’. पोथीलेखकांच्या सवयी ज्यांस ठाऊक आहेत त्यांस हा भेद मुळींच जास्त वाटणार नाहीं. वाचकानें शाळेंत शिकविलेल्या रीतीनें ‘रुक्मिणीस्व’ एवढें टंकित केलें, तर नांवाच्या आरंभापासूनच जुळविणाऱ्या गाळणींत सहांपैकीं एक नोंद उरते. नांवांत कोठेंहि जुळविणाऱ्या गाळणींत दोन उरतात. चार पोथ्या नाहींशा झाल्या, आणि त्या झाल्या हें पाहणाऱ्यास कळलेंहि नाहीं. तो आपल्या प्रस्तावनेंत ‘येथें दोन प्रति उपलब्ध आहेत’ असें प्रामाणिकपणें लिहील, आणि पुढील संपादक तेंच प्रमाण मानून त्या संग्रहाकडे फिरकणार नाहींत.

छापील सूचींत हा धोका कमी होता, कारण डोळा शेजारच्या नोंदींवरून फिरत असे. पाहिजे तें नांव सांपडलें नाहीं तरी आपण कोठें आहों हें कळे, आणि वरखालीं चारदोन ओळींत तें वेगळ्या लेखनानें दिसे. शिवाय कित्येक संस्कृत कोशकारांनीं परसवर्ण होऊं शकणारा अनुस्वार त्या त्या अनुनासिकाच्या जागीं धरूनच शब्दांचा क्रम लाविला. त्यामुळें ‘पंडित’ आणि ‘पण्डित’ हा भेद शोधणाऱ्याच्या आड येत नसे. गाळणी शेजारच नाहींसा करिते. जें जुळलें नाहीं तें किती थोडक्यानें जुळलें नाहीं, हें पाहण्याची सोय ती ठेवीत नाहीं.

न जुळण्याचीं कारणें पाहूं लागलें म्हणजे तीं एका जातीचीं नाहींत असें दिसतें. कांहीं भेद तर डोळ्यास दिसतच नाहींत. युनिकोड ह्या सर्वमान्य संकेतपद्धतींत प्रत्येक अक्षर हें एका किंवा अनेक क्रमांकांनीं लिहिलें जातें, आणि एकच दिसणारें अक्षर कित्येकदां दोन निरनिराळ्या क्रमांकमालांनीं लिहितां येतें. ‘कऱ्हाड’ हें नांव घ्या. ह्यांतील अर्धा र कोणी ऱ हें स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडून लिहितो. कोणी साधा र घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितो. पडद्यावर दोहोंत तिळाइतका फरक दिसत नाहीं, परंतु यंत्राच्या दृष्टीनें हीं दोन नांवें आहेत. युनिकोडकारांनीं कांहीं जोड्या आपण होऊन समान ठरविल्या आहेत, म्हणजे ऱ हें अक्षर व र खालीं नुक्ता दिलेलें अक्षर हीं त्यांच्या मतें एकच. परंतु अदृश्य जोडचिन्हाची वरील रीति त्या समानतेंत बसत नाहीं, ती सूचीकारासच निराळी हाताळावी लागते. विसर्गाच्या जागीं इंग्रजी अपूर्णविरामाचीं दोन टिंबें, दंडाच्या जागीं उभी रेघ, अवग्रहाच्या जागीं रोमन लिपींतील एस् हें अक्षर, हे प्रकार तर घाईघाईनें टंकित केलेल्या कोणत्याहि यादींत मिळतात. ह्या भेदांस पोथीशीं कांहीं कर्तव्य नाहीं. ते कळफलकाचे भेद आहेत आणि ते निःशंकपणें पुसून टाकावे. ह्याविषयीं वाद होण्याचें कारण नाहीं.

खरा प्रश्न दिसणाऱ्या भेदांचा आहे. त्यांतहि व्याकरणानें मान्य केलेले भेद पहिले. पदाच्या आंत अनुस्वाराचा परसवर्ण करावयाचा आणि पदाच्या अंतीं तो विकल्पानें करावयाचा, असें पाणिनीनें आठव्या अध्यायाच्या चौथ्या पादांत सांगितलें आहे. लेखकांनीं मात्र सोयीसाठीं सर्वत्र टिंबच दिलें. त्याच पादांत रेफानंतरच्या व्यंजनाचें वैकल्पिक द्वित्व आहे. म्हणून ‘धर्म्म’, ‘कर्म्म’, ‘सूर्य्य’ हीं रूपें जुन्या पोथ्यांत पावलोपावलीं भेटतात. उलट ‘तत्त्व’ शब्दांतील एक त गाळून ‘तत्व’ लिहिणारेहि पुष्कळ. हे भेद उच्चारानें किंवा शास्त्रानें एकरूप आहेत.

ह्यानंतर आपल्या मराठीचे भेद. मोडीत ह्रस्वदीर्घाचा विवेक पाळीत नाहींत हें वाचकांस माहीत आहेच. तेव्हां मोडी कागदाचें देवनागरी लिप्यंतर करणारा जो ‘जिवाजी’ किंवा ‘जीवाजी’ लिहितो तें कागदावरचें नसून त्याच्या स्वतःच्या समजुतीचें असतें. दोन लिप्यंतरकारांनीं एकाच दप्तराचीं दोन गाठोडीं वांटून घेतलीं तर एकच माणूस यादींत दोन नांवांनीं वावरतो. मोडीस युनिकोडांत २०१४ सालीं जागा मिळाली खरी, पण त्यामुळें जुन्या लिप्यंतरांचा हा दोष जात नाहीं. त्यावर आणखी १९६२ सालचे शुद्धलेखनाचे नियम. त्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. तेव्हां त्यापूर्वींच्या पत्रकांवर ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’ आणि नंतरच्या पत्रकांवर ‘गाव’, ‘नाव’, ‘पाच’ असा एकाच कपाटांत दोन काळांचा संसार आहे. प्रस्तुत लेख ज्या जुन्या वळणानें लिहिला आहे तो स्वतःच एखाद्या नव्या यादींत सांपडेल कीं नाहीं ह्याची शंका आहे! आणि शेवटीं पोथ्या व कागदपत्रें लिहिणाऱ्यांच्या सवयी: ‘शिवाजी’ व ‘सिवाजी’, ‘शके’ व ‘सके’, ‘यशवंत’ व ‘येशवंत’, ‘एक’ व ‘येक’, ‘बाजीराव’ व ‘बाजीराऊ’, उत्तरेकडील पोथ्यांत ‘लिखितं’च्या जागीं ‘लिषितं’ आणि ब-व ह्यांचा संकर.

ह्या गोंधळावर एक उपाय सध्यां बराच लोकप्रिय आहे, आणि मुख्यतः त्याच्या विरुद्ध हा लेख आहे. तो उपाय म्हणजे नोंदीच ‘शुद्ध’ करून टाकणें. यादी संगणकावर चढवितांना सिवाजीचा शिवाजी करावयाचा, लिषितंचें लिखितं करावयाचें, धर्म्मांतील एक म पुसावयाचा, म्हणजे गाळणीला अडचण पडत नाहीं. एका संग्रहाच्या यादींत अशी सुधारणा एका आज्ञेनें सर्व नोंदींवर एकदम फिरविलेली पाहण्यांत आहे. शुद्धलेखन तपासण्यांत ज्याची हयात गेली त्यानें अशुद्धाची बाजू घ्यावी हें कांहींसें विचित्र दिसेल. परंतु विद्यार्थ्याची वही आणि तीनशें वर्षांपूर्वींच्या लेखकाची पोथी ह्यांस एकच लाल शाई लावतां येत नाहीं. पोथीचें लेखन हा पुरावा आहे. ‘लिषितं’ ह्या एका शब्दावरून लेखक कोणत्या प्रांताच्या वळणाचा, ह्याचा तर्क करतां येतो; ‘म्म’च्या द्वित्वावरून लेखनपरंपरेचा माग लागतो; स-श च्या अदलाबदलीवरून उच्चाराचा. दोन प्रति एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या कीं काय, हें पुष्कळदां दोघींत समान असलेल्या चुकांवरूनच ठरतें. ती चूक सूचींतून काढली म्हणजे प्रत्यक्ष पोथी उघडल्याशिवाय तो संबंध कोणाच्या ध्यानांत येणार नाहीं, आणि पोथी उघडावी असें वाटण्याचें कारणच नोंदींतून गेलेलें असेल. वाळवी लागलेली पोथी अर्धी तरी वाचतां येते. असा पुसलेला पाठ कोणास भरून काढतां येईल?

म्हणून नोंद सुधारूं नये, गाळणी सुधारावी. तिची रीति यंत्रज्ञांस नवीन नाहीं आणि वैयाकरणांस तर मुळींच नाहीं. स्थान आणि आभ्यंतर प्रयत्न समान असलेल्या वर्णांस पाणिनीनें सवर्ण म्हटलें. म्हणजे वर्ण निराळे ठेवूनच, एखाद्या कार्यापुरतें त्यांस एक मानण्याची सोय केली. ह्रस्व इकार सांगितला असतां दीर्घाचेंहि ग्रहण व्हावें, परंतु त्यामुळें ह्रस्व आणि दीर्घ हा भेद भाषेंतून नाहींसा होऊं नये, अशी ती योजना आहे. यादींतहि तेंच करावें. प्रत्येक नोंदीचें एक मूळरूप असावें. तें पोथीबरहुकूम, आणि त्यास कोणीं हात लावूं नये. त्याच्या पोटीं यंत्रानें आपल्या उपयोगापुरतें एक तुल्यरूप तयार करून ठेवावें. तुल्यरूपांत अनुनासिकें टिंबांत मिळविलेलीं, रेफापुढील द्वित्व काढलेलें, ह्रस्वदीर्घ एक केलेले. वाचक जीं अक्षरें टंकित करील त्यांचेंहि त्याच नियमांनीं तुल्यरूप करावें, व तुल्यरूप तुल्यरूपाशीं ताडून पाहावें. पडद्यावर दिसावें तें मूळरूपच. येथें एक चूक वारंवार होते: नोंदींचें तुल्यरूप केलेलें असतें आणि टंकित शब्दाचें केलेलें नसतें. मग नोंदींतला ‘पण्डित’ टिंबाचा झालेला आणि वाचक आपला ‘पण्डित’च लिहितो आहे, असें होऊन शास्त्रशुद्ध लिहिणाऱ्यासच कांहीं मिळत नाहीं. ही गाळणी नसण्यापेक्षां वाईट.

किती भेद मिटवावे ह्यास मात्र मर्यादा आहे, आणि ती अर्थावरून ठरते. ल आणि ळ घ्या. ‘लीलाचरित्र’ टंकित करणारास ‘लीळाचरित्र’ मिळालेंच पाहिजे, ह्यांत शंका नाहीं. परंतु ‘शिशुपालवध’ म्हणजे माघाचें संस्कृत महाकाव्य, आणि ‘शिशुपाळवध’ म्हणजे भास्करभट्ट बोरीकराचा मराठी ग्रंथ. दोहोंचें तुल्यरूप एकच होणार. म्हणून ल-ळ चा भेद मिटवूंच नये असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. उपाय असा कीं मिटविलेल्या भेदाची आठवण क्रमांत ठेवावी. वाचकानें जें लिहिलें त्याशीं मूळरूपानेंच जुळणाऱ्या नोंदी सर्वांत वर. त्यांखालीं केवळ कळफलकाचे अगर परसवर्णाचे भेद असलेल्या. त्यांखालीं ह्रस्वदीर्घाच्या व अनुच्चारित अनुस्वाराच्या. आणि अगदीं खालीं श-स, ब-व, ल-ळ, न-ण, ए-ये ह्या व्यंजनस्वरांच्या अदलाबदलीनें जुळणाऱ्या. माघाचा वाचक पहिल्या ओळीवरच थांबेल. ज्यास संशय आहे तो खालीं उतरेल. कोणासहि नोंद नाकारली जाणार नाहीं.

शब्द किती लांब आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिला’ आणि ‘शीला’ असल्या दोन अक्षरी शब्दांत सगळेच भेद मिटविले तर पडदा भरून वाहूं लागेल. उलट ‘रुक्मिणीस्वयंवर’ इतक्या लांब नांवांत चार भेद मिटविले तरी दुसरा ग्रंथ त्यांत शिरण्याची भीति नाहीं. सबब दोनतीन अक्षरें टंकित होईपर्यंत गाळणीनें कडक असावें, आणि जसजशीं अक्षरें वाढतील तसतसें उदार व्हावें. सामान्यतः ह्याच्या उलट केलेलें असतें.

पाश्चात्य यंत्रज्ञांनीं तयार केलेल्या दोन रीति आपल्याकडे जशाच्या तशा उचलल्या जातात. त्यांचें थोडें परीक्षण करणें अवश्य आहे. एक रीति रशियन गणिती व्लादिमीर लेवेनश्टाइन ह्यानें १९६५ सालीं प्रसिद्ध केली. एका शब्दाचा दुसरा करण्यास किती अक्षरें घालावीं, काढावीं किंवा बदलावीं लागतात तें मोजावें, आणि तितकें त्या दोहोंतील अंतर समजावें. रीति सुंदर आहे. परंतु ती सर्व अक्षरांस सारखाच भाव देते. तिच्या हिशेबानें ‘राम’ आणि ‘काम’ ह्यांतील अंतर एक, कारण एक अक्षर बदललें कीं झालें. ‘पंडित’ आणि ‘पण्डित’ ह्यांतील अंतर दोन, कारण टिंबाच्या जागीं ण घालावा लागतो आणि त्याचा पाय मोडणारें चिन्ह आणखी एक. म्हणजे रामास काम जवळचा आणि पंडितास पण्डित दूरचा! हें मोजमाप ज्या यादींत आहे तींत ‘राम’ टंकित केल्यावर काम, धाम, नाम, साम असा सगळा गोतावळा जमा होतो आणि पाहिजे ती पोथी बाहेर राहते. आधीं तुल्यरूप करावें आणि मग उरलेल्या टंकनदोषांपुरती ही मोजणी लावावी. मग ती उपयोगी पडेल.

दुसरी रीति ‘साउंडेक्स’ ह्या नांवाची. रॉबर्ट रसेल ह्यानें तिचें पेटंट अमेरिकेंत १९१८ सालीं घेतलें. तिकडील आडनांवें ऐकूं येतात तशीं एकत्र आणण्यासाठीं ती योजिली आहे. नांवाचें पहिलें अक्षर कायम ठेवावयाचें, स्वर टाकावयाचे, आणि पुढील व्यंजनांचे गट पाडून त्यांस आंकडे द्यावयाचे. इंग्रजी आडनांवांस तें ठीक. आपल्या कागदांत पहिलें अक्षरच जास्त बदलतें, सिवाजी आणि येशवंत हीं उदाहरणें वर आलींच आहेत. आणि स्वर टाकले तर ‘मलिका’ आणि ‘मालिका’, ‘कल्प’ आणि ‘कलाप’ एक होऊन बसतात. ही रीति आपण घेऊं नये हें बरें.

आतां नांवाच्या आरंभाविषयीं. ज्या गाळण्या पहिल्या अक्षरापासूनच जुळवितात त्यांचे कर्ते बहुधा कोशाच्या धर्तीवर विचार करितात. पोथींत आरंभीं ‘श्री’ किंवा ‘अथ’ असतो. निश्चलपुरीच्या ग्रंथाचें नांव ‘श्रीशिवराज्याभिषेककल्पतरु’. तो आठवणारा माणूस ‘राज्याभिषेक’ असेंच लिहिणार, ‘श्रीशिव’ असें नव्हे. तेव्हां जुळणी नांवांत कोठेंहि व्हावी, आरंभीं जुळल्यास वर यावी, आणि शब्दांमधील मोकळी जागा व संयोगरेषा ह्यांस गाळणीनें किंमत देऊं नये. समास तोडून लिहिला कीं जोडून, हा लेखकाचा लहरीपणा असतो. पोथींत तर पुष्कळदां शब्द तोडलेलेच नसतात. वाचकानें दोन शब्द लिहिले तर ते कोणत्याहि क्रमानें आले तरी चालावे. ‘एकनाथ रुक्मिणी’ आणि ‘रुक्मिणी एकनाथ’ ह्यांचें फळ एकच असावें.

अक्षरांच्या तुल्यतेनें न सुटणाऱ्या गोष्टीहि आहेत. ‘ज्ञानेश्वरी’, ‘ज्ञानदेवी’ आणि ‘भावार्थदीपिका’ हा एकच ग्रंथ, हें कोणत्याहि यंत्रास अक्षरांवरून कळणार नाहीं. पुण्याच्या दरबारांतील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट हा कागदांत ‘मालिट’ म्हणून वावरतो. कागदपत्रांतील ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे, ‘कि॥’ म्हणजे किल्ले. हीं नामांतरें व संक्षेप जाणत्या माणसानें हातानेंच जोडून द्यावे लागतील. त्यांत सर्वांत निकडीचें काम सुहूर सनाचें आहे. कागदावर ‘सबा खमसैन मया व अलफ’ असें असतें. म्हणजे सात, पन्नास, शंभर आणि हजार मिळून ११५७, आणि त्यांत ५९९ मिळविले म्हणजे इसवी सन १७५६, मृगापासून पुढील वर्षाच्या मृगापर्यंत. इतकें गणित निश्चित असतां वाचकानें ११५७ किंवा १७५६ लिहिल्यावर पडदा रिकामा राहावा, हें केवळ आळसाचें लक्षण आहे. ह्या अरबी संख्यावाचकांची संख्या फार नाहीं. त्यांचें कोष्टक एका बैठकींत होण्यासारखें आहे.

रोमन लिपींतील याद्यांचेंहि असेंच. विद्वानांत रूढ असलेल्या लेखनपद्धतींत ऋकार आर् खालीं टिंब देऊन दाखवितात; २००१ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकांत आर् खालीं वर्तुळ आहे. अनुस्वार एका पद्धतींत एम् खालीं टिंब, दुसरींत एम् वर टिंब. सामान्य माणूस चिन्हें न देतांच लिहितो. ह्या तिन्ही रीतींचें आणि देवनागरीचें एकच तुल्यरूप करणें अवघड नाहीं, आणि परदेशांतील संग्रहांच्या याद्या पाहणारांस तें फार उपयोगी पडेल.

टंकित करतांनाच यादी हालूं लागते, तीविषयीं थोडेंसें. रोमन कळफलकावरून मराठी लिहिणारांचा शब्द पुरा होईपर्यंत चौकटींत रोमन अक्षरेंच असतात, आणि उतावळी गाळणी तीं घेऊन शोधूं लागते. पडदा रिकामा होतो, भरतो, पुन्हां रिकामा होतो. अक्षरें ठरेपर्यंत तिनें थांबावें. तसेंच ‘राज’ इतकें लिहून झालें असतां ‘राज्याभिषेक’ यादींत असलाच पाहिजे. कारण लिहिणारा अजून पाय मोडावयाचा आहे. सबंध अक्षर हें एकक धरणाऱ्या कांहीं गाळण्या येथें ‘राजवाडे’ ठेवतात आणि ‘राज्याभिषेक’ गाळतात. अपुऱ्या अक्षरास पुढील संयोगाची मोकळीक द्यावी.

पडदा रिकामा राहण्याची वेळ आलीच तर त्यानें खरें सांगावें: ‘ह्या अक्षरांची नोंद जुळली नाहीं, अमुक अमुक भेद मिटवून पाहिले, जवळचीं नांवें हीं’, आणि खालीं पांचसात नांवें द्यावीं. छापील सूचीचा जो शेजार गेला तो एवढ्यानें थोडाफार परत मिळतो. उलट ज्या पाठचिकित्सकास ‘सिवाजी’ असें स कारानें लिहिलेलेच कागद पाहिजेत त्यास गाळणीचें औदार्य अडचणीचें होईल. त्याच्यासाठीं चौकटीशेजारीं ‘अक्षरशः’ अशी एक कळ असावी, ती दाबली कीं तुल्यरूप बाजूस राहून केवळ मूळरूपाशीं जुळणी व्हावी. मूळरूप पुसून टाकलेल्या याद्यांत ही कळ बसविण्याचा मार्गच उरलेला नाहीं, हें त्या ‘शुद्ध’ करणारांनीं लक्षांत घ्यावें.

राहतां राहिला प्रश्न तुल्यतेचें कोष्टक कोणीं करावें हा. तें यंत्रज्ञांवर सोंपवूं नये, आणि सर्व संग्रहांस एकच कोष्टकहि चालणार नाहीं. ज्यांत उत्तरेकडील पोथ्या फार त्यांस ख-ष आणि ब-व ह्यांची तुल्यता अवश्य. मोडी दप्तरांस ह्रस्वदीर्घाची. महानुभाव पोथ्यांस ल-ळ ची. दक्षिणेकडील ग्रंथ, तेलुगु इत्यादि लिपींतल्या संस्कृत पोथ्यांतहि ल च्या जागीं ळ लिहिण्याची चाल आढळते. तेव्हां तंजावरासारख्या ठिकाणच्या यादींत ‘शिशुपाळवध’ ह्या नोंदीखालीं माघहि असूं शकेल, भास्करभट्टहि. तेथें कोष्टकाबरोबर लिपि व भाषा ह्यांचे दोन रकाने गाळणीस जोडून द्यावे लागतील, आणि ते भरण्यास पोथी हातांत घेणारा माणूसच पाहिजे.